आईस्क्रीम की फ्रोझन डेझर्ट? कोटेशनवर कुठला शब्द लिहाल?



आजचा विषय छोटा आहे, पण ऑर्डर घालवणारा आहे.

समजा, मोशीत तुमचं मस्तानी-आईस्क्रीमचं दुकान आहे. चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीतून फोन येतो, "खंडेनवमीला ३०० कप आईस्क्रीम पाहिजे, कोटेशन पाठवा." तुम्ही 'व्हॅनिला आईस्क्रीम' लिहून रेट देता. होलसेलवाल्याकडून त्यातल्या त्यात स्वस्त कप उचलता आणि वेळेवर पोचवता. आठ दिवसांनी अकाउंट्समधून फोन: "अहो, कपवर फ्रोझन डेझर्ट लिहिलंय. बिल होल्डवर आहे."

आता बोला! माल थंड होता, गोड होता. मग बिघडलं कुठे?

फरक फॅटचा आहे

डेअरीवर दूध घालताना 'फॅट किती लागलं' हे आपल्याकडे सगळे विचारतात. इथेही तोच प्रश्न आहे, फक्त ते फॅट कशाचं, एवढं बघायचं.

• आईस्क्रीम: फॅट दुधाचंच. साध्या आईस्क्रीममध्ये ते किमान १० टक्के हवं. मिडियम फॅट, लो फॅट असे प्रकार आहेत, पण त्यातलं फॅटही दुधाचंच.

• फ्रोझन डेझर्ट: यात वनस्पती तेल किंवा वनस्पती फॅट वापरता येतं. तसं लेबलवर लिहावं लागतं.

• कुल्फी: नियमात ती आईस्क्रीमच्याच गटात येते. म्हणजे तेलाच्या फॅटची 'कुल्फी' विकणंही चूकच.

मग फ्रोझन डेझर्ट वाईट का?

नाही. तो कायदेशीर माल आहे. २०१७ मध्ये अमूलच्या जाहिरातींवरून हिंदुस्तान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. फ्रोझन डेझर्टची बदनामी होते, ही तिची तक्रार होती. न्यायालयाने त्या जाहिराती थांबवायला सांगितल्या. आपण यातून काय घ्यायचं? शेजारच्या दुकानदाराच्या मालाला नावं ठेवू नका, आणि आपल्या मालाला दुसऱ्याचं नाव देऊ नका.

अन्नसुरक्षा कायद्यात चुकीच्या लेबलच्या मालासाठी ३ लाख रुपयांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड आहे. आपल्यासारख्या छोट्या धंद्याला हे परवडेल का?

आजचा गृहपाठ

१. फ्रीजर उघडा. प्रत्येक टब, कप, कोन यांच्या झाकणावरचं नाव आणि घटक वाचा.

२. तोच शब्द मेन्यू बोर्ड, कोटेशन, बिल आणि ऑनलाइन लिस्टिंग या चारही ठिकाणी आहे का, ते तपासा.

३. मस्तानीवर कुठला गोळा टाकता, तेही बघा. बोर्डवर 'आईस्क्रीम मस्तानी' असेल, तर वरचा गोळा आईस्क्रीमचाच पाहिजे.

४. मोठ्या ऑर्डरला दोन रेट द्या: एक आईस्क्रीमचा, एक फ्रोझन डेझर्टचा. फरक एका ओळीत लिहा. निवड गिऱ्हाईक करेल.

चौथा मुद्दा नीट लक्षात ठेवा. बजेट कमी असलेलं कॅन्टीन फ्रोझन डेझर्टसुद्धा आनंदाने घेतं. पण आधी सांगितलेली गोष्ट माहिती ठरते, आणि नंतर सापडलेली फसवणूक. पुढच्या वर्षीची खंडेनवमीची ऑर्डर त्यावरच ठरते.

तुमच्या फ्रीजरमध्ये काय निघालं? कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!