पोलीस नसलेला कायदा

प्रश्न : बलाढ्य देशांना शिक्षा करणारे कुणीच नसेल, तर आंतरराष्ट्रीय कायद्याचा उपयोग काय?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. २०१६ साली लवादाने दक्षिण चिनी समुद्राबाबत फिलिपिन्सच्या बाजूने निवाडा दिला. चीनने तो धुडकावला आणि त्याला भाग पाडणारे कुणी नव्हते. सुरक्षा परिषदेतही पाच देशांकडे नकाराधिकार आहे.

पण दुसरी बाजूही पाहा. बंगालच्या उपसागरात भारत आणि बांगलादेश यांच्यातील सुमारे २५,६०० चौरस किलोमीटर वादग्रस्त क्षेत्रापैकी जवळपास १९,५०० चौरस किलोमीटर २०१४ साली लवादाने बांगलादेशला दिले. भारत कितीतरी बलवान, तरीही त्याने निवाडा मान्य केला. कारण सरळ आहे : सीमा ठरली की मासेमारी आणि वायूचे उत्खनन निर्धास्त होते, शेजाऱ्याशी संबंध टिकतात आणि उद्या आपणही त्याच कायद्याचा आधार मागू शकतो.

सहकार्याचे उत्तम उदाहरण म्हणजे ओझोनच्या रक्षणासाठी १९८७ साली झालेला माँट्रियल करार. त्यात ओझोनला घातक रसायने बंद करण्यासाठी विकसनशील देशांना जादा मुदत आणि पुढे निधीही मिळाला. कराराबाहेरच्या देशांशी या रसायनांच्या व्यापारावर बंधने आली. सामील होण्यातच प्रत्येकाचे हित होते. आज ओझोनचा थर सावरतो आहे.

म्हणजे कायदा राष्ट्रांना लगाम घालतो तो दंडुक्याने नव्हे, तर परस्पर गरज आणि विश्वासार्हता यांच्या जोरावर. जिथे या दोन्ही गोष्टी तुटतात, तिथे तो दुबळा पडतो. म्हणूनच त्याचा आग्रह आपण सोडता कामा नये. लहान राष्ट्रांकडे दुसरी ढाल नाही.