टाकी वाहते आहे? आधी झाकण उघडा

फ्लशची टाकी वाहायला लागली की आपण लगेच प्लंबरला फोन लावतो. जरूर लावा. पण तो दारात येण्याआधी टाकीचं झाकण काढून पाणी नेमकं कुठून निसटतंय, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठेवा. टाकी जुनी असेल तर हे फारच गरजेचं आहे, आणि हे मी अनुभवाने सांगते आहे.

पुण्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत अजून चिनी मातीच्या, सायफनच्या टाक्या आहेत. आत पितळी बॉल कॉक आणि त्याच्या दांड्याला गोळा. कमोडमध्ये रात्रंदिवस बारीक धार सुरू झाली म्हणून प्लंबर बोलावला. मुलगा कष्टाळू होता, पण त्याचा हात बसलेला नव्या टाक्यांवर. त्यांत तळाशी रबरी झडपेचा फ्लश व्हॉल्व्ह असतो, ती झडप झिजली की पाणी गळतं. जुन्या टाकीतही तेच झालं असणार असं धरून त्याने फ्लशचं पाणी खाली सोडणारा सायफन ओढून काढला. काढताना तो तडकला. आणलेला नवा सेट तळाच्या भोकात बसेना, मापच वेगळं. घरात वयस्कर सासूबाई, आणि दर वेळी बादलीने पाणी ओतायचं! शेवटी तडकलेला सायफन पिशवीत घालून मी बोहरी आळीतल्या नळसामानाच्या दुकानात गेले, दुकानदारासमोर ठेवला आणि तसाच दुसरा मिळवला. तो बसवला, आणि धार जशीच्या तशी!

दोष सायफनमध्ये नव्हताच. बॉल कॉक पूर्ण बंद होत नव्हता, टाकी भरूनही पाणी येत राहायचं आणि जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून कमोडमध्ये उतरायचं.

म्हणून आधी एवढं करा. टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने खूण करा, टाकीखालचा अँगल कॉक बंद करा आणि तासभर फ्लश करू नका. पाणी खुणेवरच राहिलं आणि कमोडमधली धार थांबली, तर दोष बॉल कॉकचा. पाणी खुणेच्या खाली उतरत गेलं, तर दोष तळाचा, म्हणजे सायफन, त्याचं वॉशर किंवा नव्या टाकीत फ्लश व्हॉल्व्ह. ओव्हरफ्लोची नळी भिंतीबाहेर काढलेली असेल तर धार कमोडमध्ये न दिसता डक्टमध्ये पडते, तिकडेही डोकावून या.

पितळी बॉल कॉक दिसायला अवजड, पण आत गुंतागुंत काही नाही. अँगल कॉक बंद करून टाकी रिकामी करा. दांड्याची पिन पकडीने सरळ करून ओढली की दांडा सुटतो. तोंडाला टोपण असेल तर ते फिरवून काढा आणि खाचेत स्क्रू-ड्रायव्हर घालून आतला दट्ट्या बाहेर सरकवा. त्याच्या टोकाला शर्टाच्या बटणाएवढं रबरी वॉशर असतं. आमच्या वॉशरवर, पाणी जिथून येतं त्या नोझलच्या काठाने गोल चर पाडला होता आणि दट्ट्यावर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार चढला होता. क्षार व्हिनेगरमध्ये भिजवून निघाला. वॉशर नवं घातलं, धार बंद. रात्री-अपरात्री दुकान उघडं नसेल तर तेच वॉशर उलटं घालून वेळ निभावते. मात्र नोझलच्या काठालाच खरवड पडली असेल तर वॉशर बदलून उपयोग नाही, बॉल कॉक नवा घ्या.

गोळाही काढून कानाशी हलवून पाहा. आत पाणी डुचमळलं तर तो पुरेसा वर उचलला जात नाही आणि कॉक बंद होत नाही. गोळा ठीक असेल पण पातळी उंच राहत असेल, तर पितळी दांडा दोन्ही हातांनी धरून किंचित खाली वाकवा. पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडापेक्षा साधारण इंचभर खाली थांबलं पाहिजे. चिनी मातीला लागून असलेले नट मात्र हातानेच आवळा, पान्याने जोर लावला की टाकी तडकते.

जुना भाग नवा बसेपर्यंत कुणालाही फेकू देऊ नका. दुकानात मोबाइलवरचा फोटो पुरत नाही, आटे आणि भोकाचं माप प्रत्यक्ष भाग ठेवूनच जुळतं.

ही गळती किरकोळ समजू नका. लिटरची बाटली पाच मिनिटांत भरेल एवढ्या धारेने दिवसाला 288 लिटर पाणी जातं. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाण्याचा निकष धरतात, म्हणजे दोन माणसांचं पाणी, तेही पंपाने गच्चीवर चढवलेलं, सरळ गटारात. सोसायटीत टँकर मागवावा लागत असेल तर प्रत्येक घरात ही पेन्सिलीची खूण करून बघायला सांगा. आज झोपण्यापूर्वी आपल्या घरातली करा.