स्वस्त आयात टायर : किंमत आणि कस
परदेशातून आलेला स्वस्त टायर घ्यावा काय, याचा निर्णय केवळ किमतीवरून करता येत नाही. मोटारीचा रस्त्याशी संबंध सुमारे तळहाताएवढ्या चार ठिकाणीच येतो. ओल्या रस्त्यावर गाडी वेळेत थांबणे तेथील रबरावर व खाचांवर अवलंबून असते. रबर न वापरताही प्राणवायू व ओझोन यांच्यामुळे कालांतराने कठीण होऊन तडकते. म्हणून टायरच्या बाजूवरील निर्मितीचे चार अंक प्रथम वाचावेत : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. भारतात आय. एस. आय. चिन्ह, तसेच गाडीस अनुरूप भारक्षमता व वेगमर्यादाही पाहावी. ओल्या रस्त्यावरील पकड मात्र एवढ्यावरून कळत नाही. तिच्या चाचणीचा निष्कर्ष मागावा. या कसोट्यांस उतरलेला स्वस्त टायर घेण्यास हरकत नाही. न उतरलेला फुकटही महाग होय.