पुस्तकातील खिडकी

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले. त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनावर फोन धरताच पाठ दिसे, गोष्ट ऐकू येई आणि स्वाध्यायही समोर येई. २०१७ साली राज्य शासनाने सर्वच इयत्तांसाठी अशी पुस्तके काढण्याचे ठरविले. २०२० साली गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला.

विज्ञानाच्या वहीतील चूक गुरुजींनी वही तपासल्यावरच कळते. पडद्यावरील स्वाध्यायात ती तेथल्या तेथे कळते आणि मूल न लाजता पुन्हा प्रयत्न करते. मात्र बी कसे रुजते हे पडद्यावर पाहिलेल्या मुलाने भिजवलेले मूग ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. मोड डोळ्यांनी पाहिला, की उत्तर पाठ करावे लागत नाही.