जमिनीचा सौदा करताना विसार पावतीत अटी कशा घालाव्यात?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की गावोगाव जमिनीची बोलणी सुरू होतात. त्यात आपल्या बांधाला लागून असलेले रान विकायला निघाले म्हणजे आपल्याला राहवत नाही. दुसरा कोणी घेईल या धास्तीने चहा पिता पिता आपण विसार देऊन मोकळे होतो. पावतीवर काय असते? गट नंबर, भाव, दिलेली रक्कम आणि ‘सहा महिन्यांत खरेदीखत करून देईन’ ही एक ओळ. बहिणींच्या सह्या आणतो, सोसायटी भरतो, रस्त्याचे बघून घेऊ, हे सगळे तोंडी. आणि घोडे पेंड खाते ते नेमके इथेच.

करार लेखी झाला की त्याच्याविरुद्ध जाणारी किंवा त्यात भर घालणारी तोंडी बोली सहसा न्यायालयात चालत नाही. शिवाय मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे नुसत्या साठेखताने जमिनीत हक्क येत नाही. तो खरेदीखतानेच येतो. तोवर आपला आधार म्हणजे करारातल्या चार ओळी.

अट लिहिताना तीन गोष्टी आल्या पाहिजेत. काय करायचे, कोणी व कोणत्या तारखेच्या आत करायचे, आणि नाही झाले तर पुढे काय. ‘बोजा देणाराने फेडावा’ ही अर्धी अट झाली. न फेडल्यास विसार किती दिवसांत परत, हे त्यात कुठे आहे?

सोसायटीच्या बोजाचेच उदाहरण घेऊ, कारण ते आपल्या सर्वांच्या घरचे आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ खाली ज्या जमिनीवर कर्जाचा बोजा लिहून दिला आहे, ती कर्ज व्याजासह फिटेपर्यंत विकता येत नाही. विकली तर तो व्यवहार रद्दबातल ठरतो. म्हणून आपण अट घालतो की आधी बोजा कमी करा, मग पैसे. पण विचार करा, कर्जापायीच जमीन काढणारा माणूस आधी कर्ज कोठून फेडणार? ही अट त्याला पाळता येणारच नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘घेणार यांनी सोसायटीची येणे बाकी परस्पर सोसायटीत भरावी, ती रक्कम ठरल्या किमतीतून वजा धरावी, आणि बेबाकी दाखला मिळून सातबाऱ्यावरील बोजा कमी झाल्यावरच खरेदीखत व्हावे.’ आपले पैसे सुरक्षित, त्याचेही काम होते. समोरच्याला पाळता येईल अशी अट मागितली तर तो सहसा नाही म्हणत नाही. वीस अटींची यादी पुढे केली की मात्र तो दुसरे गिऱ्हाईक बघतो.

बहिणींच्या सह्यांचे तसेच. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो आणखी स्पष्ट केला. सातबाऱ्यावर एकट्या भावाचे नाव दिसले म्हणून फसू नका. जुने फेरफार काढून वारस बघा आणि सर्व हिस्सेदारांनी खरेदीखतावर संमती द्यावी, एकाचीही नसल्यास विसार परत, असे लिहून घ्या.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक बाब. दिंडोरी, कळवण, पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे पुष्कळ जमीन आदिवासी खातेदारांची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६-अ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय ती बिगर-आदिवासीला घेता येत नाही. ‘परवानगी काढून देतो’ या भरवशावर विसार किंवा ताबा, दोन्ही नको. भोगवटादार वर्ग २ ची जमीन असली तर परवानगी लागते की नजराणा, हे आधी तहसीलमध्ये विचारा. मग अर्ज कोणी करायचा, नजराणा कोणी भरायचा आणि किती मुदतीत, हे करारात घाला.

क्षेत्राबाबत एकच ओळ पुरे: भाव गुंठ्याला, क्षेत्र सरकारी मोजणीप्रमाणे, पोटखराबा वजा.

करार दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा. ठरलेली तारीख उलटली आणि समोरचा टाळू लागला तर दाव्याला त्या तारखेपासून तीनच वर्षे मिळतात. आपणही उरलेली रक्कम तयार ठेवली होती हे दाखवावे लागते, तेव्हा बँकेचे पासबुक जपून ठेवा. ताबा साठेखतावरच घेतला तर मुद्रांक खरेदीखताइतका लागतो, हेही आधी हिशेबात धरावे.

विहिरीतला हिस्सा चार आणे की आठ आणे, पाळी कोणत्या वारी, मोटारीचे कनेक्शन कोणाच्या नावावर, पाइपलाइन कोणाच्या रानातून, गाडी आत जायला वाट कोणत्या बांधाने, हे सगळे शेजाऱ्याला समक्ष विचारून करारात उतरवा. बागायत म्हणून भाव दिला आणि पाणी मिळाले नाही, तर ती जिराईतच.

राहिला उभा ऊस. तो सौद्यात धरला आहे की नाही, तोड झाल्यावर बिल कोणाच्या खात्यावर, खोडव्यावर हक्क कोणाचा, आणि कारखान्याकडची ऊस नोंद कोणी व कधी बदलून घ्यायची, हे विसार पावतीतच लिहा. त्या पावतीची एक प्रत आपल्या गट कार्यालयात आणून द्या, म्हणजे तोडणीच्या वेळी बिलावरून वाद होणार नाही.