हिवाळ्यात घरातील मेथीची रोपभाजी

मुंबईत वाळूवर वाढविलेल्या कोवळ्या मेथीच्या लहान जुड्या ‘समुद्र मेथी’ या नावाने विकल्या जातात. अशा रोपभाजीस हल्ली मायक्रोग्रीन्स म्हणतात. हिवाळ्यात ती घरातही घेता येते.

बियाणे : औषध चोळलेले बियाणे मुळीच वापरू नये. रोपे थोड्याच दिवसांत खावयाची असल्याने ते विष पोटात जाण्याचा धोका असतो. खाण्याचीच स्वच्छ मेथी घ्यावी.

पेरणी : मेथी रात्रभर भिजवावी. तळाशी छिद्रे असलेल्या पसरट भांड्यात चाळलेल्या मातीचा दोन बोटे जाडीचा थर द्यावा. ताजे शेण मिसळू नये. बी दाट, परंतु एकावर एक न येईल असे पसरून ओल्या फडक्याने झाकावे.

निगा : कोंब वर येताच फडके काढून भांडे उजेडात ठेवावे, रात्री उबदार खोलीत न्यावे. पाणी हलके शिंपडावे, साचू देऊ नये. मुळांवरील पांढरी लव पाणी शिंपडताच बसते. बुरशी मात्र जाळ्यासारखी पसरते. बुरशी आल्यास सर्व रोपे टाकून द्यावीत.

काढणी : थंडीच्या मानाने दहा ते पंधरा दिवसांत रोपे मातीच्या वर कापावीत व धुऊन त्याच दिवशी वापरावीत.

ग्राम कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिक देताना बियाण्याची खबरदारी प्रथम समजावून सांगावी.