आधी बूट, मग स्की

कॅडेट मित्रांनो, नवीन गणवेश शिवताना घरचे काय म्हणतात ते आठवा : "वाढत्या अंगाचा आहे, एक नंबर मोठाच घ्या." पँट मोठी झाली तर दुमडता येते. ड्रिलचा बूट मोठा निघाला तर दोन मोजे घालून निभावते, फार तर टाचेला फोड येतो. वॉटर स्कीच्या बुटाला मात्र हा हिशेब चालत नाही. तिथे चुकलेल्या मापाची किंमत घोटा मोजतो.

दोन स्कींवर स्थिर उभे राहता येऊ लागले की पुढची पायरी म्हणजे एकाच स्कीवरचे स्लॅलम. मग प्रत्येक जण विचारतो, "सर, कोणती स्की घेऊ?" माझे उत्तर ठरलेले आहे : आधी बूट ठरव, मग स्की.

खेळाची सुरुवात

१९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, लेक पेपिन या तलावावर राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा बोटीमागे पाण्यावरून घसरत गेला. बर्फावरच्या स्की त्याने आधी वापरून पाहिल्या होत्या, पण त्या जमल्या नाहीत. शेवटी त्याने पाइनच्या लांब फळ्या आणल्या, उकळत्या पाण्यात मऊ करून त्यांची टोके वाकवली आणि पाय अडकवायला चामड्याचे पट्टे ठोकले. फळीचा आकार कसा असावा आणि पाय कसा धरावा, हे त्याच्यापुढचे दोन प्रश्न आजही तेच आहेत.

मैदान कसे असते?

स्लॅलमचे मैदान २५९ मीटर लांब असते. बोट मधून सरळ जाते. स्कीपटूला डावी-उजवीकडच्या सहा बोयांना बाहेरून वळसा घालायचा असतो. प्रत्येक बोया मध्यरेषेपासून ११.५ मीटरवर असतो. पुरुषांच्या स्पर्धेत बोटीचा कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर असतो. म्हणजे सगळे मैदान सुमारे सोळा सेकंदांत संपते. कमाल वेग गाठल्यावर प्रत्येक यशस्वी फेरीनंतर दोर आखूड करतात. पहिला दोर १८.२५ मीटरचा असतो. वरच्या पातळीवर तो ११.२५ मीटरवर आणि त्याहूनही खाली येतो, म्हणजे बोयापर्यंतच्या अंतरापेक्षाही कमी! उरलेले अंतर शरीर झुकवून आणि हात लांबवून काढावे लागते. त्या क्षणी पाऊल स्कीशी एकजीव असावे लागते आणि पडल्यावर तितक्याच चटकन सुटावेही लागते. बूट निवडताना या दोन्ही गोष्टी बघायच्या.

बूट

शिकाऊ असताना मी एका मित्राची स्की मागून घेतली. बूट एक नंबर मोठा होता. आत जाड मोजा घातला आणि उतरलो. तिसऱ्या बोयाला वळताना टाच बुटात उचलली गेली आणि मी पडलो. पाऊल अर्धे बाहेर, अर्धे आत अडकलेले, आणि स्की पाण्यात आडवी. घोटा असा सुजला की सहा आठवडे परेड बंद.

बूट साधारण तीन प्रकारचे. रबरी बूट ताणले जातात. साबणाचे पाणी लावून पाय आत सरकवावा लागतो. नाडीचे मऊ बूट पायावर चांगले बसतात. तिसरे कडक कवचाचे, स्केटच्या बुटासारखे. त्यांत पडल्यावर सुटण्याची यंत्रणा असते, पण ती उत्पादकाच्या सूचनेप्रमाणेच लावावी आणि दर वेळी तपासावी लागते. नवशिक्यासाठी पहिले दोन प्रकार बरे.

मागच्या पायासाठी दुसरा बूट किंवा नुसता पट्टा असतो. सुरुवातीला पट्टा घ्या. खोल पाण्यातून उठताना मागचा पाय मोकळा ठेवून तोल सांभाळता येतो. दोन बूट असतील तर दोन्ही पाय एकदम सुटले पाहिजेत. एक सुटला आणि एक अडकला, तर इजा ठरलेलीच.

जमिनीवरच परीक्षा घ्या. बूट घालून गुडघे वाकवा. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा. बोटे टोकाला हलकी टेकावीत, दुमडू नयेत. पालकांनी लक्षात घ्यावे, वाढत्या वयात बूट बदलावा लागला तरी चालेल, पुढच्या वर्षाचे माप आज घेऊ नये.

पुढे कोणता पाय? दोन स्कींवर जाताना आळीपाळीने एकेक स्की पाण्याच्या जरा वर उचला. ज्या पायावर जास्त स्थिर राहाल, तो पुढचा.

स्की

स्कीची लांबी उंचीवरून नव्हे, तर वजन आणि वेग यांवरून ठरते. कारण भौतिकशास्त्राच्या तासाला शिकलेलेच आहे : पाण्याचा उचल देणारा जोर साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. ताशी ५८ च्या जागी ४० किलोमीटर वेग घेतला, तर तेवढ्याच फळीला निम्म्याहूनही कमी उचल मिळते. म्हणून हळू जाणाऱ्याला फळी मोठी आणि रुंद लागते.

ताशी ५० ते ५५ किलोमीटर वेगाला साधारणपणे ५५ ते ६५ किलो वजनासाठी ६५ इंच, ६५ ते ८० किलोसाठी ६६ ते ६७ इंच आणि त्यावर ६८ ते ६९ इंच. वेग याहून कमी असेल तर एक माप वर जा. अंतिम शब्द उत्पादकाच्या तक्त्याचा.

कार्बनची स्की हलकी, ताठ आणि महाग असते. ती चूक लगेच दाखवते. फायबरग्लासची जरा लवचीक स्की चूक पोटात घालते. तळाचा बाक जास्त असेल तर वळण चटकन मिळते, पण वेग कमी होतो. विजेत्याची स्की विजेत्याच्या वेगासाठी असते. आपण ती घेतली तर अंगापेक्षा बोंगा मोठा.

पैसे कमी असतील तर बूट नवे घ्या, स्की वापरलेली चालेल. मात्र कडांना तडे नाहीत, दाबल्यावर कुठे मऊ लागत नाही आणि स्क्रूचे आटे शाबूत आहेत, हे पाहा. जुन्या रबरी बुटाची कड ताणून बघा; बारीक चिरा दिसल्या तर तो नको.

बसवल्यानंतर

बूट उत्पादकाने सांगितलेल्या भोकांवर बसवा. शेपटीखालचे धातूचे पाते, म्हणजे फिन, याची मापे व्हर्निअर कॅलिपरने घेऊन वहीत लिहा आणि पहिला हंगाम त्याला हात लावू नका. बदल करायचाच तर एका वेळी एकच : बूट एक भोक पुढे किंवा मागे, मग त्याच वेगाला आणि त्याच दोरावर तीन फेऱ्या. लाइफ जॅकेट आणि बोटीत पाठीमागे बघणारा साथी, या दोन्हींशिवाय एकही फेरी नाही.

स्वाध्याय

१. कॅडेटचे वजन ६२ किलो, वेग ताशी ४२ किलोमीटर. कोणत्या मापाची स्की सुचवाल? कारण लिहा.
२. बूट सैल असताना जाड मोजा घालणे धोक्याचे का?
३. आपले स्वतःचे वजन, वेग आणि पुढचा पाय वहीत लिहा. दुकानात जाताना ती वही बरोबर न्या.